दमलेला पंखा

दुरुस्त झालेला प्रिंटर न्यायला आलेल्या ग्रंथपालबाई कॉम्प्युटरच्या दुकानात रांगेत उभ्या होत्या. पुढे साठीतलं एक जोडपं दुकानदाराशी बोलत होतं. बाईंचे कान आपसूक तिकडे गेले.

“काका, काम काय असतं तुमचं?”

“घरांचे नकाशे. खोल्या स्क्रीनवर रंगवून दाखवायच्या. सगळ्यात महागडा प्रोसेसर घ्यावा म्हणतो.”

“कशाला? मधला आरामात पुरेल, फक्त तापू देऊ नका. प्रोसेसरच्या डब्यात पंखा येतो, पण घरघरतो. त्याऐवजी हा मोठ्या पंख्याचा कूलर बसवा. चालू आहे की बंद, तेही कळणार नाही.”

“काय म्हणाला हो तो?”

काका बायकोच्या कानाशी वाकले. “अगं, हा पंखा आवाजच करत नाही!”

“मग नको.”

“नको काय? जुन्याने डोकं उठवलंय माझं.”

“अहो, मी स्वयंपाकघरात असते. पंख्याचा आवाज चढला की समजते, तुमचं काम रंगात आलंय. उतरला की चहा टाकते.”

“म्हणजे इतकी वर्षं चहा बरोब्बर काम संपल्यावर यायचा, तो...”

“मग काय, मला स्वप्न पडायचं?”

“आणि हल्ली उशिरा येतो, तो?”

“हल्ली तो पंखाच दमलाय. पहिल्यासारखा आवाज कुठे करतो?”

काका काउंटरवर वाकले. मग हळूच दुकानदाराला म्हणाले, “डब्यातलाच द्या. त्याहून मोठ्याने घरघरणारा आहे का?”

“काका, असं कोणी मागत नाही.”

“मी मागतोय.”

“काय म्हणालात?”

“काही नाही गं. म्हटलं, पंखा दमला होता खरा.”