मशीन चालू असताना

ताई : स्क्रीनवरची ही सुई बघ, बाळ्या. शिलाई मशीनचा टाका पडला की झटकन खाली जाते, आणि वर येताना मात्र रेंगाळते.

बाळ्या : कंप्रेसर आहे तो, आवाज दाबणारा. साइडचेन लावली की कोणाचं ऐकून दाबायचं, तेही त्याला सांगता येतं. आई गुणगुणायला लागली की तुझ्या मशीनने बाजूला व्हायचं, असं लावलंय.

ताई : माझं कसलं, तिचंच मशीन. सकाळी तू टेप करताना मी नुसते पाय मारले. आणि ऐकायला बसले म्हणजे गाणं बाहेर पाठवायला हो म्हटलं असं समजू नकोस. तिला न विचारता टेप केलं होतंस तू. घरातलं गुणगुणणं ते, चारचौघांत कशाला न्यायचं?

बाळ्या : आई गेल्यापासून तीन वर्षं तुझं हेच ऐकतोय. एकदा गाणं तर ऐक.

(दोघं ऐकतात.)

ताई : अरे, इथे तर मी मशीन चालवलं की आईच गप्प होते.

बाळ्या : हात्तिच्या! उलटं जोडलं मी. कंप्रेसर बसवला आईच्या आवाजावर आणि ऐकायला लावलं मशीनचं. थांब, आत्ता बदलतो.

ताई : हात लावू नकोस. परत लाव.

बाळ्या : ताई, चूक आहे ती.

ताई : असू दे. मी शिवायला बसले की अशीच थांबायची. बेतायला घेतलेलं कापड हातात तसंच. तुला काय आठवणार, तू टेबलाखाली चिंध्यांत लोळत असायचास.

बाळ्या : लोळत नव्हतो, टेपरेकॉर्डर सांभाळत होतो. मला वाटायचं, तुझ्या खडखडाटाला कंटाळून गप्प बसते.

ताई : मेल्या! ऐकायची ती. दोरा सैल पडला की टाक्याचा आवाज बदलतो. वळून न बघता कळायचं तिला.

बाळ्या : मग?

ताई : "उसव." एवढंच. शिवण बरी असली तर काहीच बोलायची नाही. राहिलेली ओळ पुढे गुणगुणायची. तीच आपली शाबासकी.

बाळ्या : हे कधी सांगितलं नाहीस.

ताई : कधी विचारलंस? बरं, इथे ती फार लवकर परत येते. ते लांबवता येतं?

बाळ्या : येतं की. हे बटण, रिलीज म्हणतात. घे माऊस, तूच फिरव.

ताई : अजून जरा... शिवण पुरी होईपर्यंत थांबायची ती. अजून... हां.

बाळ्या : सुई खालीच आहे, ताई.

ताई : दम धर ना. ...आली बघ.

बाळ्या : आली.

(ताई माऊस बाजूला ठेवते.)

बाळ्या : ताई? सरळ करून ठेवू का परत?

ताई : नको. असंच पाठवून दे. आत्ताच पाठव, मी इथे बसलेय तोवर.