पाठमोरा निरोप

मास्तर, तुमी लिहायला बसलाय खरे, पण दरोडेखोरांच्या गोष्टी हव्या असतील तर मी कामाचा नाय. मी मूळचा टिटवाळ्याच्या अलीकडच्या गावचा, जमीन थोडी अन् भाऊ जास्त, म्हणून चुलत्यानं ठाण्याला आणून तुरुंगावर शिपाई म्हणून चिकटवलं, म्हणला सरकारची भाकरी आहे, डगला मिळेल, पट्टा मिळेल. मिळाला. पण काय सांगू तुम्हाला, ठाण्याचा तुरुंग म्हंजे जुना किल्लाच, सारा जन्म त्याच्या भिंतीत गेला. कैदी भिंतीवर रेघा मारून सुटायचा दिवस मोजतो, आमी कशाच्या रेघा मारायच्या? उभं राहून पाय सुजायचे, अन् दिवसभर ओरडून माणसाचा आवाजच तसा होतो, मंग घरी पाणी मागितलं तरी बायको दचकते.

बायको माझी चंद्रा. पहिली दोन पोरं तिची राहिली नाय, तिसऱ्या खेपेला टिटवाळ्याला माहेरी गेली ती अंगात रक्त नसलेली, जाताना म्हणली, या खेपेला तुमी जवळ असा. मी हो म्हणलो. अन् नेमके शिपाई तापानं पडले, एकामागं एक, साहेबापुढं हात जोडले तर तो म्हणला, गोविंदा, तुला सोडलं तर दरवाजावर कोण, मी उभा राहू? त्याचंही खरंच होतं. टिटवाळ्याकडं जाणाऱ्या आगगाडीची शिटी आत ऐकू यायची, अन् मी कमरेला किल्ल्या लावून आत. हसा तुमी, हसण्यासारखंच आहे.

त्याच दिवसांत धर्मा सुटत होता, बैलचोरीतला, शहापूरकडचा, म्हंजे वाट टिटवाळ्यावरनंच. त्याच्या हाती डिंक-खारकांची पुडी दिली, म्हणलो, एवढी तिला पोचव बाबा, अन् कशी आहे ते कुणाच्या तरी हाती कळव. बाकीचे शिपाई म्हणले, गोविंदा, चोराच्या हाती किल्ल्या दिल्यास, पुडी तो वाटेतच खाईल. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता कैद्यांची एक रीत होती. मोठ्या दरवाजात बारकी दिंडी असते, तिच्यातून वाकून बाहेर पडला की सुटलेला माणूस मागं वळून बघत नाय. बघितलं की पुन्हा आत येतो म्हणायचे. धर्माही वळला नाय, सरळ गेला.

चारेक दिवस गेले, मला भाकरी गोड लागेना. एका सकाळी दिंडी उघडी होती, बघतो तर रस्त्यावरनं एक माणूस उलट्या पावलांनी चालत येतोय, तुरुंगाकडं पाठ करून. धर्मा! चंद्रा बाळंत होईस्तोवर तिथंच थांबला होता, स्वतःच्या घरी गेलाच नव्हता. पाठमोराच ओरडला, शिपाईदादा, मुलगी झाली, चांगली रडली, बाय पण बरी आहे, डिंक खाल्ला तिनं. मला पहारा सोडून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येईना, त्याला मान वळवता येईना. मी एवढंच म्हणलो, जेवलास का रे? तो म्हणला, आता घरी जाऊन जेवीन. अन् गेला. मी किल्ल्या मुठीत धरून रडलो, मास्तर.

पोरगी मी पाहिली ती बसायला लागल्यावर, अन् माझा आवाज ऐकून तिनं भोकाड पसरलं. यमुना तिचं नाव. चंद्रा आता नाय, मी यमुनेकडंच कोपरीला असतो. पेन्शन झाली त्या दिवशी तीच न्यायला आली होती. दिंडीतून वाकून बाहेर आलो, वळायचं नाय असं ठरवलं होतं, अन् वळलोच. ती म्हणली, बाबा, काय विसरलं का आत? तिनं आपलं माझं बोट धरलं, लहानपणी तिचं धरायचं माझं राहिलं होतं ते.

धर्मा पुन्हा कधी आत आला नाय, देव त्याचं भलं करो. मी मात्र वळून पाहिलं ना, डोळा लागला की मी तिथंच असतो, किल्ल्या घेऊन. यमुना हाक मारते, तवा सुटतो.