‘एग’ लिहिलेली बाटली

नाही नाही, माझी ऋजुता सही करणार नाही, आणि मी तिला कर म्हणणारही नाही — तुम्ही आधी बसा सरजी, खिचडी घ्या. माझा सोमवार आहे, म्हणून तुम्हालाही साबुदाणाच. कागद राहू द्या तिथं. ‘माझ्या प्रयोगाचे आकडे मी मनानेच लिहिले’ — एवढंच ना त्यात? एवढं पोरीनं लिहून दिलं की तिची पीएचडी गेली आणि तुम्ही साफ. बढिया. हैदराबादला पेपर वाचलात तेव्हा पहिलं नाव तुमचं होतं, तिचं शेवटी, बारीक अक्षरात. आता खोटेपणा निघाला म्हटल्यावर मात्र तिचं पहिलं. फार उदार आहात हो.

आणि मला काय कळतंय, असं नका समजू. राजेंद्र नगरातली व्रतंवैकल्यं करणारी बाई, तिला काय लिपिड — पण आमचे हे बावीस वर्षं मिलच्या सायझिंग खात्यात होते. सुताला कांजी चढवल्याशिवाय ते मागावर टिकत नाही, तुटतं. तुमचंही तेच की — डोळ्याला न दिसणारे काचेचे मणी, त्यांना पॉलिमरची कांजी, आणि त्या कांजीवर चरबीचा पापुद्रा, आपल्या पेशींना असतो तसा. पुढेमागे त्यातून औषध पोचवता येईल म्हणे. ऋजुतानं ओट्याशी उभं राहून सांगितलं आणि ह्यांना लगेच उमगलं. मिल बंद पडल्यापासून तोंड मिटून बसलेला माणूस, त्या दिवशी तासभर बोलला — कांजी किती दाट, सूत किती ओलं. तुम्ही तिच्याशी कधी तासभर बोललात? नाही, सहज विचारलं. गाइड आहात ना, म्हणून.

तर पापुद्रा काही बसेना. गेल्या वर्षी उन्हाळाभर पोर रडकुंडीला आली. अंड्याच्या बलकातून लिपिड, म्हणजे ती चरबी, काढायचं, मण्यांवर चढवायचं, की निसटलंच. आणि त्या लिपिडची बाटली ठेवायची कुठं, तर माझ्या फ्रिजात — कारण लॅबच्या फ्रिजात तुमच्या पाहुण्यांसाठी तो नवा परदेशी कोला. देशाचे दरवाजे उघडले म्हणतात, ते असे. बाहेरच्या बाटल्या आत, आणि तुमच्या लॅबची बाटली माझ्या नैवेद्याच्या दह्याशेजारी. वर इंग्रजीत ‘एग’. ऐन चातुर्मासात.

काय म्हणालात? बाटलीला कुणी हात लावला होता का?

खिचडीत दाण्याचं कूट कमी पडलंय का हो — असं बघू नका सरजी. या चातुर्मासात मी खोटं न बोलण्याचा नेम धरलाय, कार्तिकी एकादशीपर्यंत. कुणी विचारलंच नाही तर आपण होऊन सांगायचं, असं काही नेमात नाही. वर्षभर कुणी विचारलं नाही. नेमके तुम्ही विचारलंत.

लावला. मीच. गेल्या श्रावणातल्या पहिल्या सोमवारी. हे मिल सुटल्यावर सोयाच्या तेलाच्या कारखान्यात लागलेत ना, पॅकिंगला — तिथून डबाभर लेसिथिन आणलं होतं, सांध्यांना बरं म्हणून. पिवळं, चिकट. ऋजुताच म्हणाली होती, “आई, अंड्यातलं ते यातही असतं.” मग म्हटलं, चीज तीच, तर शाकाहारी का नको? अंड्याचं ओतून दिलं, बाटली गरम पाण्यानं तीनदा धुतली, गंगाजल शिंपडलं, पुसून कोरडी केली, सोयाचं भरलं. लेबल तसंच ठेवलं. मतलब, घरातलं पाप टळलं आणि पोरीला कळलंही नाही. आणि त्याच आठवड्यात पापुद्रा बसला. मला वाटलं, सोमवार पावला. पेढे वाटले मी. तुम्हीही चार खाल्लेत.

किती दिवस पुरली? दत्तजयंतीपर्यंत. मग तिनं पुन्हा बलकाचं काढलं. तोवर चातुर्मास सरला होता, म्हटलं राहू दे एक बाटली. तोच प्रयोग पुन्हा करताना आकडे कधीपासून जुळेनात म्हणता? जानेवारी.

दत्तजयंती डिसेंबरात असते, सरजी.

थांबा. थांबा हं — म्हणजे तिनं खोटं नाही लिहिलं. जे दिसलं तेच लिहिलं. अंडं निसटत होतं आणि सोया बसत होता — आणि हैदराबादला एवढ्या विद्वानांपुढं तुम्ही अंडं म्हणून सांगून आलात ते माझ्या ओट्यावरचं सांधेदुखीचं औषध होतं. हसू नये, पण आलं. आणि ती पोर... सात महिने अर्धपोटी ताटावरून उठतेय. मी तिच्यासाठी अकरा प्रदोष बोलले, आणि ही एक बाटली बोलले नाही.

उठलात? सोयाचा डबा आहे की अजून, साखरेच्या डब्यामागे. तुम्हाला नाही मिळायचा. उद्या ती प्रयोग स्वतःच्या हातानं करेल आणि बाटलीवर स्वतःच्या हातानं ‘सोया’ लिहील. फाटक वाजलं — तीच असणार. आधी मला तिच्याशी बोलायचंय, तुमच्यासमोर नाही. रागावेल, रागावू दे. तुम्ही मागच्या दारानं या. आणि हो, कागद नेऊ नका. मागची बाजू कोरी आहे, नव्या पेपरात पहिलं नाव कुणाचं ते तिथं लिहा, आणि सही करून जा.