नोसिसाच्या नावाची नळी

हॅलो? … हॅलो, कोण? … अगं नोसिसा! बोल की मग, आईला नुसता श्वास काय ऐकवतेस?

हो, हो, मिळालं. काल इदुत्वाच्या बाजारातून शेजारची मामबेले घेऊन आली तुझं पुडकं. … उघडलं ना. साखर मिळाली, चहा मिळाला, ती काळी कांडीही मिळाली. … तंबाखूच्या पाइपची नळी? ती नळी होय! मला वाटलं, कुणाच्या पंपाचा तुकडा चुकून आला.

छे, रागावतेस कशाला? … ओढून बघितली की. दोन झुरक्यांत तोंडात टायर जळल्यासारखं झालं. प्लास्टिक तापतं, बाई. … हाडाची? नको. दात उरलेत चार, त्यांवर खटखट वाजते. … बोरूची एका हिवाळ्यात उकलते. रानजैतुनाच्या लाकडाचीच हवी, दुसरी नाही.

हो, माझी चिरली, खरं आहे. … अगं ऐक ना, ओल्या कातड्याची पट्टी गुंडाळलीय. वाळली की अशी आवळते, लोखंड झक मारतं. माझं चाललंय.

तुझी? … आहे की तुझी. चुलीच्या वर, आढ्याला. तुझ्या थोरल्याचं लग्न झालं त्याच आठवड्यात फांदी तोडली, तापल्या तारेनं भोक पाडलं. सासू झालेल्या बाईची नळी गुडघ्यापर्यंत लांब हवी, तिनं वीतभर पाइप ओढायचा? लोक काय म्हणतील, हिला आई नव्हती? … तीन हिवाळे झाले, पोरी. तीन! … 'येते, बघते.' तुझं बघणं काही संपत नाही.

नाही तडकली. … नाही म्हटलं ना. … चरबी लावते, मेंढीच्या शेपटीची. आतून गवताची काडी फिरवते. पाण्याला शिवू देत नाही.

… मामबेलेची? तिची तडकणारच. नुसती टांगून ठेवते ती. न ओढलेली नळी कोरडी पडते, वर्षात फाटते, हे काय आता तुला सांगायचं…

…

काय? मग तुझी कशी नाही तडकली?

… बरं. ओढते मी. रोज संध्याकाळी. … हो, तुझीच. … माहीत आहे! मला नको शिकवूस. दुसऱ्याच्या नळीला तोंड लावायचं नाही, हे थोबाडीत देऊन तुला मीच शिकवलं. मामबेलेच्या सुनेला त्यापायी याच अंगणातून हाकललं मी.

पण दारात बसते ना… तुझी नळी ओठांत असली की वाटतं, शेजारीच बसलीयस. आता खोकशील, आता काहीतरी उलट बोलशील. … वेडेपणा. कुणाला सांगशील तर बघ.

… नाही, आता ती तुला देता येत नाही. माझं तोंड लागलं, माझी झाली. आईची नळी लेकीकडे कधी जाते, ठाऊक आहे ना? … हं. तेव्हाच. … ए, रडतेस काय? अजून मेले कुठे मी!

म्हणून तर म्हणते, दुसरी तोडू. … अहं. सेंटिमीटर सांगून नाही जमत. भिंतीला टेकून बसायचं, पाय पसरायचे, ओठापासून गुडघ्यापर्यंत फांदी धरायची. तुझे गुडघे तिकडे केपटाउनला लोकांच्या फरश्या पुसतायत. इथे मी काय मोजू?

डिसेंबर? डिसेंबरात लाकूड रसानं फुगलेलं असतं, आठवड्यात वाकडं होतं. आत्ता जून आहे, ऐन हिवाळा. फांद्या झोपल्यात. ऑगस्टात कोंब फुटले की गेलं हेही वर्ष.

… विचार ना तुझ्या बाईसाहेबांना. सांग, आई आजारी आहे. … नको, खोटं नको बोलूस. सांग, नळी मोजायचीय. … हसू दे, तिचे दात दिसतील.

… काय? परत बोल. … कुठल्या शुक्रवारी? … हा सोडून पुढचा. … नक्की ना? … बरं. … बरं, बरं.

नाही, काही आणू नकोस. साखर आहे, चहा आहे. गुडघे तेवढे घेऊन ये.

… तोवर? तोवर ओढेन की तुझीच. … ठेव आता. … अगं, आधी तू ठेव. … नाही ठेवत? … बरं, मग मीच ठेवते.