सावलीतला आकडा

बसा ताई, या निंबाखालीच बसा, खोलीत टिनाखाली भट्टी झाली असन, अन् समोर गेलं की खांबावरचा तो कॅमेरा पाह्यते, इथलं मात्र त्याले दिसत नाई. हा बसला हाय तो माहा नवरा, सुदाम. तुमी जयभीम घालान त तुमच्याकडे पाहीन, पन बोलनार नाई, त्याचा राग मानू नका. अन् हा मोबाईल मी मांडीवर ठेवते, मधातच घंटी वाजली त मले उठा लागन, ते पहिलेच सांगून ठेवते.

माहं नाव कमल. माहेर नांदगाव खंडेश्वरकडचं, तिकडे आमचं वावर, म्हंजे आमचं कुठलं, लोकायचं, आमी बौद्ध, माह्या बापानं सारी जिंदगी दुसऱ्याच्या वावरात डवरा हाकला अन् मले म्हने तू शिक, पन सातवी झाली अन् लगन करून देलं इकडे तिवस्याच्या बाजूले. सुदाम तवा याच संत्र्याच्या बगीच्यात सालदार होता. सालदार म्हंजे काय सांगू तुमाले, एकदा साल बोलून घेतलं की दिवस मालकाचा अन् रातबी मालकाची, राहाले हे टिनाची खोली. पन मानूस चांगला भेटला, खोटं काहून बोलू. दारू नाई, खर्रा नाई, फक्त बोलाची आवड, एवढा बोले, एवढा बोले, की मी म्हनो अवो जरा चूप राहा न, कान दुखून राहिले माहे. आता चूप हाय. आता मी बोलते अन् तो ऐकते, ऐकते की नाई तेबी माहीत नाई.

हे यंत्र आलं तवाची गोष्ट सांगते, कारन सारं तिथूनच हाय. मालक अमरावतीले राह्यते, बंगला हाय त्याचा, त्यानं कोन्या सभेत ऐकलं की बगीच्यात हवामान केंद्र बसवलं की रोग पडाच्या आधी मोबाईलवर कळते, तपन वाढली की कळते, कोनत्या झाडाले पानी कमी पडलं ते घरबसल्या दिसते. मंग एक इंजिनियर पोट्टा आला, गाडीतून खोके उतरवले. जागा पाहाले त्यानं अर्धा दिवस घातला, म्हने झाडाखाली नको, विहिरीजवळ नको, टिनाजवळ नको, चहूकडून मोकळं पाहिजे. सुदामनं खड्डा खंदला, मी रेती-सिमेट कालवलं, खांब उभा केला. वरतून वाऱ्यानं गरगर फिरनाऱ्या तीन वाट्या, दिशा दाखवाले बाण, पाऊस मोजाले एक डबा, त्याच्यावर पेरनीच्या चाड्यासारखं पसरट तोंड, एक सोलरची पाटी, अन् एक प्लास्टिकचं पान, त्याच्यावर दव पडलं की यंत्राले समजते की खऱ्या पानावरबी पडलं असन. तुकड्यातुकड्यात मातीत ओलावा पाहाच्या सुया गाडल्या. अन् मधात पांढऱ्या बशा, उलट्या, एकावर एक रचलेल्या, त्याच्या पोटात थर्मामीटर.

मंग मालकीनबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. मले म्हने कमल, तू जरा तिकडे उभी राय. राह्यली. नारळ फोडला, हळदकुंकू लावलं, अन् त्या चाड्यात तांब्याभर पानी सोडलं, नारळाचंबी सोडलं. झालं! मालकाच्या मोबाईलवर पाऊस पडला! आभाळात एक ढग नाई अन् मोबाईल म्हनते पाऊस झाला, फवारनी करू नका. मालक एकदा वर पाह्यते, एकदा मोबाईलकडे पाह्यते. सुदाम असा हासला, असा हासला, की त्याले ठसका लागला, मीच पाठीत बुक्की हानली. इंजिनियर चाड्यातून खोबऱ्याचे तुकडे काढत बसला, म्हने याच्यात पावसाशिवाय काई पडाले नको, याले रोज पुसनारं मानूस पाहिजे. तवा मालकीनबाईले माही आठवन झाली. पूजेले दूर, अन् पाखराची घान काढाले जवळ. असो.

त्या पोट्ट्यानंच मले शिकवलं, पाटीवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसाची, चाड्यातला काडीकचरा काढाचा, खांबाभोवतीचं गवत वाढू द्याचं नाई. मी त्याले इचारलं, बापू, थर्मामीटर त्या बशात काहून लपवला, ऊनच मोजाचं हाय त उन्हात ठेवा न. त म्हने नाई मावशी, त्याच्यावर ऊन पडलं की आकडा खोटा येते, त्याले सावली पाहिजे अन् वारा पाहिजे, तवाच तो खरं सांगते. सुदाम म्हने कमल, याचं नशीब पाय, सावलीत बसून उन्हाचा हिशोब करते, आपल्या मालकासारखं. आमी दोघंबी हासलो. तवा हासाले येत होतं.

उन्हाळा लागला तसा मालकानं सुदामले हा मोबाईल देला, त्याच्यात घंटी भरून. तपन बेचाळीसच्या वर गेली की घंटी वाजे, अन् घंटी वाजली की सुदामनं हातातला घास टाकून पळाचं, ठिबकच्या नळ्यायचे व्हॉल खोलाचे, झाडाच्या बुडाले पानी सोडाचं. आंबिया बहाराचं फळ तवा बोराएवढं असते, तपनीनं पटापटा गळते. त्या वर्षी गळलं नाई. मालकाचा अमरावतीत सत्कार झाला, शाल-नारळ देलं, खांबाजवळ उभं राहून फोटो काढला. त्या फोटोत मी कापलेलं गवत हाय.

मंग दुसरा उन्हाळा. त्या दिवशी आमी बाया झाडाच्या बुडाले कुटार, म्हंजे भुसा, अंथरून राहिलो होतो, मुळ्यायले तपन लागू नये म्हनून. मुळ्यायले, ताई! आमच्या डोस्क्यावर पदर अन् पदरावर सूर्य. घंटी वाजली, सुदाम पळाला. थोड्या वेळानं पाह्यलं त तो धुऱ्यावर, बांधावर, बसून मोबाईलवर बोलून राहिला. मालकाचा फोन. मालक अमरावतीत एसीत बसून पाहून राहिला होता की पल्याडच्या तुकड्यात ओलावा वाढून नाई राहिला. सुदाम म्हने मालक, खारीनं नळी कुरतडली असन, जोडतो, पन डोस्कं गरगरून राहिलं, जरासा बसतो. मालकाचा आवाज मोठा, मलेबी ऐकू आला, म्हने अबे पाच मिनिटाचं काम हाय, ते कर अन् मंग बस दिवसभर. सुदाम उठला. मी म्हनलं नका जाऊ. त म्हने फळ गळलं त आपलंच नाव येईन, अन् गेला.

येईना म्हनून मी पाहाले गेली. नळी जोडली होती त्यानं. पानी थेंब थेंब झाडाच्या बुडाले पडून राहिलं होतं अन् बाजूलेच माहा नवरा आडवा. आंगाले हात लावला त तापलेला तवा, अन् घाम नाई, ताई, एक थेंब घाम नाई. झाड ओलं अन् मानूस कोरडा. मी ते नळी उपटली, त्याच्या आंगावर धरली, डोस्क्यावर धरली, बाया वरडून राहिल्या, मी मालकाले फोन लावला, म्हनलं गाडी पाठवा, सुदाम पडला. पहिला शब्द काय असन त्याचा? म्हने पानी सुरू झालं होतं न? मी म्हनलं हो. म्हने मंग ओलावा वाढता वाढता थांबला काहून? कारन नळी माह्या हातात होती! झाडाचं पानी मानसाले लावलं, ते त्याले अमरावतीत दिसलं, मानूस नाई दिसला.

गाडी गावातल्या लोकायनं केली. दवाखान्यात सिस्टरनं सुदामच्या खिशातून कांदा काढला, सकाळी मीच ठेवला होता, ऊन लागू नये म्हनून. डॉक्टरीनबाई म्हने किती तपन होती, मी मोबाईल दाखवला, शेचाळीस. म्हने हे त सावलीतलं असन, हा काम करे तिथं किती होती? मी काय सांगू, तिथं यंत्र नाई. जीव वाचला, पन डोस्क्यात काई राह्यलं नाई. हात कापतात, घास भरवा लागते, मले ओळखते की नाई ते अजून समजलं नाई.

मालक दवाखान्यात आला नाई. गावात मात्र सांगत सुटला, दारू पिऊन उन्हात पडला म्हने. ज्यानं दारूले कधी बोट लावलं नाई त्याच्याबद्दल! अन् लोक कसे असतात पाहा, पटलं लोकायले. याचा सख्खा भाऊ माह्याजवळ येऊन हळूच इचारते, वहिनी, खरंच पेला होता का? मी म्हनलं निघ इथून, पुन्हा तोंड दाखवू नको. त्याची बायको सनावाराले डबा पाठवते, मी तसाच वापस करते.

मंग निरोप आला, खोली खाली कर. याले घेऊन कुठं जाऊ मी? मालकाले म्हनलं, सुदामचं काम मी करते. म्हने बाईले जमन का? मी म्हनलं व्हॉलले काय समजते बाई हाय की बाप्या. तवापासून घंटी माह्याकडे.

तो इंजिनियर पोट्टा यंत्र साफ कराले आला, सुदामले पाह्यलं अन् हातातली पेटी खाली ठेवली. मी म्हनलं बापू, झाडाची घंटी हाय तशी मानसाची भरून दे न याच्यात. त्यानं मोबाईल उघडला, म्हने मावशी, इथं पीक निवडा लागते. मी वाचलं, मले वाचता येते. संत्रा, लिंबू, कपाशी, तूर, हरभरा, खाली खाली गेली, मिरची आली, झेंडू आला, मानूस काई आला नाई. मी म्हनलं बरं, सगळ्यात नाजूक काय हाय? म्हने रोपवाटिका, तिची घंटी लवकर वाजते. म्हनलं तेच भर. अन् आमी बाया रोपटे झालो! ते घंटी वाजली की सावलीत, पानी पेलो, तोंड धुतलं, ऊन उतरलं की पुन्हा कामाले. बाया मले म्हनत, अवो कमल, आपल्याले खतबी टाकते का आता? चारच दिवस चाललं ते. मालकाले अमरावतीत दिसलं की आपल्या बगीच्यात रोपवाटिका कुठून आली, त्यानं तिथूनच बोटानं पुसून टाकली. मले फोन करून म्हने, कमल, यंत्र मी झाडासाठी घेतलं हाय, तुमच्यासाठी नाई.

आंगाची लाही लाही झाली माह्या. भर दुपारी पाना घेतला अन् खांबावरच्या त्या पांढऱ्या बशा एक एक खोलल्या, खाली मांडून ठेवल्या. थर्मामीटर उघडा केला. म्हनलं ये, तूबी ये जरा उन्हात. आकडा चढला, पन्नासच्या पार गेला, घंटी थांबेच ना, मालकाचे फोनावर फोन, मी उचलले नाई. अन् काय सांगू तुमाले, माहा नवरा पडला तवा जो आला नाई तो मालक गाडी घेऊन हजर! झाडायसाठी. खांबापाशी पळत गेला, बशा पाह्यल्या, म्हने हे कोनं केलं? मी म्हनलं म्या. म्हने काहून? म्हनलं मालक, तुमचा आकडा सावलीतला होता, हा आमचा हाय, उभे राहून पाहा बरं. उभा राह्यला, शिव्या द्याले लागला, माह्या जातीवर गेला, अन् देता देता त्याची जीभ जड झाली, खांब धराले गेला त लोखंड पोळलं, हात झटकला, पाय लटपटले. मी पाहून राहिली होती. मनात म्हनलं, पड. पाप लागो की काई लागो, पड म्हनलं मी.

पन घंटी वाजूनच राहिली होती न. मांगं पाह्यते त हा खोलीतून निघून चालला व्हॉलकडे, अनवानी, डोस्क्यावर फडकं नाई, डोळे सरळ समोर. मले ओळखत नाई पन घंटी ओळखते, ते मले त्या दिवशी समजलं. मी मालकाले तिथंच सोडून याच्यामांगं पळाली, ओढत आनला, पायाले फोड आले होते याच्या. तोवर मालक गाडीत जाऊन एसी लावून बसला होता. काच बोटभर खाली केली अन् म्हने, बशा लाव पहिले.

लावल्या. काय करते? मले काढलं नाई त्यानं, इथं येते कोन मराले? फक्त खांबावर तो कॅमेरा बसवला. आता बाया सावलीत बसल्या की फोन येते, पाखरू बसलं तरी मले फोन येते. इंजिनियर सांगून गेला की पाटी चांगली पुसता मावशी, तुमचं यंत्र साऱ्या तालुक्यात खरं बोलते. बोलू दे. मी रोज पुसते, गवत कापते, बशा धुते. त्याले सावली देते. रागबी आता आंगात टिकत नाई, ताई, तपनीनं तोबी सुकते.

वाजली. ऐकली न? अन् हा पाहा, उठला. धरा त्याले, ताई, धरा! हाताले नका धरू, हिसका मारते, मांगून दोन्ही दंडाले धरा. अवो, बसा न, मी जाते, मी चालली. त्याले म्हनत राहा, कमल गेली व्हॉल खोलाले, कमल गेली. तुमी नका येऊ उन्हात, तुमचं भलं होवो, लेकराबाळायसंगं सावलीत राहा. फक्त तिकडून नळीत पानी आल्याचा आवाज येईपर्यंत त्याले सोडू नका.