मेंढ्यांनी कापलेलं गोल्फचं मैदान

हसू नका, पण आमच्या गोल्फच्या मैदानाची अब्रू एकदा मेंढ्यांनी राखली. मी तेव्हा चिकलठाण्याकडच्या त्या मैदानाच्या समितीचा सचिव होतो. सामना दोन दिवसांवर आलेला, जिल्ह्याचे मोठे साहेब खेळायला येणार, आणि गवत कापायचं यंत्र बंद पडलं. गवत घोट्यापर्यंत वाढलेलं, चेंडू पडला की गायब.

शेवटी मी मारुतीमामांकडे गेलो. शेजारच्याच शिवारात त्यांच्या साठेक मेंढ्या असायच्या. आमच्या कुंपणातून आत शिरल्या म्हणून मीच त्यांना तीनदा हाकललं होतं.

मामा म्हणाले, "आज बोलवायला आलात व्हय? काठी नाय आणली?"

"मामा, चुकलं. पण आता लाज राखा."

"बरं. पण मेंढरं पोट भरेपर्यंत कुणी हुसकायचं नाय."

दोन दिवसांत मेंढ्यांनी मैदान असं साफ केलं की बघत राहावं. सामन्याच्या दिवशी साहेबांचा पहिलाच चेंडू नेमका लेंड्यांच्या ढिगात जाऊन बसला.

साहेबांनी मला विचारलं, "सचिव, याला नियम काय?"

मी तोंड उघडायच्या आत कुंपणाशी उभे असलेले मामाच ओरडले, "नियम कशाला पाह्यजे साहेब? पुसा अन् मारा!"

साहेब खो खो हसले. त्यांनी चेंडू आपल्या पांढऱ्याशुभ्र पँटीला पुसला, आणि मारला.