शेजारची पट्टी

थोरल्या नातीचं लग्न झालं त्या साली बॅडमिंटन खेळणारी आरजू आणि तिची खाला, म्हणजे मावशी, येडशी स्टेशनवर माझ्या बाकावर बसल्या होत्या.

“उद्या निवडीला दमाची चाचणी आहे. भोंगा वाजायच्या आत वीस मीटर पळायचं. दर टप्प्याला वेग वाढतो.”

“पळ की. हरणावानी पळतीस.”

“बाराव्या टप्प्यालाच थांबते मी. माझी जोडीदार फरहाना पळायची ती शेजारची पट्टी आमी रिकामी ठेवतो. तिथं पावलं वाजतात, खाला.”

“या अल्ला! मयत पोरगी पळती व्हय?”

“तेराव्याला पडली ना ती. तिथं आली की थांबती. माझी वाट बघती.”

“मग उद्या बी बाराव्यालाच थांब.”

“निवडीला चौदा लागतात.”

फरहाना मागच्या मोहरमात वारली होती. आरजू दुसऱ्या दिवशी सकाळी वारली, तेराव्या टप्प्याला.